अक्काची कथा छापून आल्यावर

उमरी तालुक्यातल्या आमच्या गावात जयंतीच्या मिरवणुकीवर वरच्या जातींच्या आळीतून दगड पडले, त्यावर मी पहिली कथा लिहिली. तेव्हा आमच्या बौद्ध वस्तीनं विहारात माझा सत्कार केला. हार घातला तो थोरल्या चुलत्यांनी. विहार समितीचे अध्यक्ष तेच.

दुसरी कथा मी त्यांच्याच मुलीवर लिहिली. माझी चुलतबहीण, आमची अक्का. तिनं मातंग समाजातल्या मुलाशी लग्न केलं म्हणून आमच्याच लोकांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. छापायला देण्याआधी नांदेडहून तिच्या घरी गेलो आणि कथा वाचून दाखवली.

"छाप," ती म्हणाली. "पण शेवटी मी रडते असं लिहिलंस, ते काढ. मी कुठं रडले?"

मी ते काढलं.

अंक आला. मी शिकवतो त्या कॉलेजात वरच्या जातीच्या एका प्राध्यापकानं कथेच्या झेरॉक्स स्टाफरूममध्ये वाटल्या. "धाडस केलंत सर. म्हणजे जात तुमच्यातही आहेच की!" तो हसत म्हणाला. दगडांच्या कथेवर हा माणूस चकार शब्द बोलला नव्हता.

"माझ्या पहिल्या कथेच्या किती झेरॉक्स काढल्या होत्या?" मी विचारलं.

टेबलावरचे कागद गोळा करून मी पिशवीत कोंबले आणि तासाला गेलो.

रविवारी विहारात बैठक बोलावली होती. चुलते म्हणाले, "ते लोक टपूनच बसलेत आपल्यावर. आन् तू त्यांच्या हातात काठी देऊन राहिलास."

"काठी त्यांच्याकडं आधीपासून हाय, काका. माझ्या कथेसाठी थांबले न्हाईत ते."

"घरातलं घरात बोलावं माणसानं."

"मग बोला की. इतक्या वर्षांत अक्काशी कोण बोललं?"

चुलत्यांनी वही मिटली. "यंदा जयंतीला तुझं भाषण न्हाई. नाव काढलं यादीतून."

मला लागलं, खोटं कशाला सांगू. दहावीचा अभ्यास मी त्याच विहाराच्या ओट्यावर केला होता. पण माफी मागितली नाही.

जयंतीला अक्का आणि दाजींना घेऊन गेलो. सतरंजीवर पुढंच बसलो. दोन कुटुंबं उठून मागं गेली. शेजारची म्हातारी मात्र सरकून जागा करत म्हणाली, "बस गं बाई. लई दिसांनी आलीस." माइकवर चुलते बोलत होते. आम्हाला बघून अडखळले, पाणी प्याले, पुन्हा बोलू लागले. जा म्हणून कुणी म्हटलं नाही. आम्ही जेवणालाही थांबलो, पंगतीत बसून.

चुलते अजून माझ्याशी बोलत नाहीत. अक्काला मात्र अधूनमधून फोन करतात. मी सध्या तिसरी कथा लिहितोय. ती मात्र स्टाफरूमलाही आवडणार नाही आणि विहार समितीलाही.