विहिरीचा मुरूम

आमच्या साडूंइतका हट्टी चित्रकार अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर माझ्या मेव्हणीला कळवू नका. ती या एकाच्याच पायी जेरीस आलीय. जाफराबादकडं शेती करता करता प्लायवूडच्या फळीवर चित्रं काढायची, आणि चित्रात जे असेल ते खरोखरचं डकवायचं, हा त्यांचा नेम. "रंग खोटं बोलतो, पाव्हणे," असं त्यांचं म्हणणं. पोळ्याच्या चित्रात बैलाच्या तोंडाशी खरी पुरणपोळी डकवली, तर मुंग्यांनी आठ दिवसांत पोळीसोबत बैलाचं तोंडही कुरतडलं. लग्नाच्या चित्रासाठी मेव्हणीच्या शालूचा काठ कापला. तिनं दोन दिवस अबोला धरला, तर म्हणतात, "बरंय, निवांत काम होऊन राह्यलं."

या उन्हाळ्यात त्यांनी विहिरीला पाणी लागलं त्या दिवसाचं चित्र काढायला घेतलं. त्या दिवशी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ चिखलात नाचले होते. तसा आनंद पुन्हा झाला नाही, असं ते स्वतःच सांगतात. गोणपाट झालं, सुतळीचा दोर झाला, आता मुरूम हवा होता, तोही त्याच विहिरीचा. विहीर वाटणीत धाकट्याकडं गेलेली. नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद, आणि मागं त्याच बांधावर कुऱ्हाड निघालेली. मी म्हटलं, कुठलाही मुरूम लावा, कोण बघतंय! त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी मुकाट्यानं गाडीला किक मारली.

भरदुपारी साडू विहिरीच्या काठावरच्या ढिगातून पिशवी भरत होते आणि मी बांधाकडं नजर ठेवून होतो. तेवढ्यात धाकटा आला, हातात काठी, केस पार पिकलेले. थोरल्याकडं न बघता त्यानं मला विचारलं, "काय नेऊन राह्यले?"

"पाव्हणे, त्याला सांगा, मुरूम."

"त्यांना विचारा, कशाला?"

"सांगा, चित्राला. पाणी लागलं त्या दिवसाच्या."

तीन पावलांवर दोघं उभे, आणि निरोप्या मी. काठी हलेना. धाकटा पिशवीत डोकावून म्हणाला, "त्यांना सांगा, हा वरचा हाय. पाणी लागलं तिथला राखाडी होता." काठी टाकून तो आटत आलेल्या विहिरीच्या पायऱ्या उतरला आणि घमेलंभर मुरूम घेऊन आला. साडूंनी घमेल्याकडं पाहिलंच नाही. ते त्याच्या तोंडाकडं बघत होते.

परतताना साडूंच्या शेताच्या कडेला राखाडी मुरमाचा ढीग दिसला. विहिरीतूनच निघालेला, वाटणीत निम्मा आलेला. माझं डोकंच फिरलं. "अहो, हा काय इथं पडलाय! मग माझा जीव कशाला टांगणीला लावला?"

पिशवी पोटाशी धरून ते मागं बसले होते. म्हणाले, "त्याचं तोंड काढायला बसलो, अन् कसं हाय तेच आठवंना."

चित्र आता पुरं झालंय. भावांचं बोलणं अजून माझ्याच मार्फत चालतं. चित्रात चिखलात नाचणाऱ्या धाकट्याच्या डोक्यावर साडूंनी केसांच्या जागी पांढरा कापूस डकवलाय. पाणी लागलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.