डर्मट नाही म्हणाला तो दिवस

मी वेल्सचं मोन बेट सोडलं तेव्हा आई बंदरापर्यंत आली नाही. ती तांब्याच्या खाणीवर हातोडीने दगड फोडायची आणि त्या सकाळीही कामावरच गेली होती. बंदराच्या वाटेवर मी खाणीपाशी थांबलो. तिने हातोडी खाली ठेवली नाही. हवा स्वच्छ होती, पश्चिमेला समुद्रापलीकडे आयर्लंडचे डोंगर पुसट दिसत होते. ती म्हणाली, "आपला राजा तिकडे जन्मला. आसरा कोणी दिला ते विसरू नये, एवढंच." आणि पुन्हा दगडाकडे वळली.

मोनमधल्या माझ्या माणसांनो, हे तुम्हाला वाचता येणार नाही. मी मोडीत लिहितो आहे, कारण आता मनात येतं तेच मराठीत येतं. माझ्याबरोबर जहाजातून जे आले, त्यांच्यापैकी कोणी इकडे उरला असेल तर त्याने वाचावं.

आईची ती गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. फार जुन्या काळी वेल्सच्या एका राजाला त्याच्याच लोकांनी हाकलून दिलं. तो आयर्लंडला पळाला, तिथल्या राजघराण्यातली मुलगी त्याने केली, आणि त्यांना मुलगा झाला. बाप गेल्यावर ती आई मुलाला रोज सांगे, तुझा बाप कोण होता, तुझं राज्य कुठे आहे, त्यावर आज कोण बसलंय. मुलगा मोठा झाला तेव्हा आयरिश लोकांनी त्याला गलबतं दिली, माणसं दिली. तो हरला, परत आयर्लंडला गेला, पुन्हा आला. कितीतरी वर्षं बेड्यांत सडला. शेवटी त्याने राज्य घेतलं.

बाबा तांबं वितळवायच्या भट्टीवर होते. ते मात्र आईला टोकायचे, "पोराला अर्धीच गोष्ट सांगू नकोस." उरलेली अर्धी अशी, की पुढे इंग्लंडचे नॉर्मन सरदार आयर्लंड जिंकायला निघाले तेव्हा त्यांच्या गलबतांत तिरंदाज होते ते वेल्सचे. आमच्या दक्षिणेकडचे, पण आमचेच. ज्या लोकांनी आमच्या राजाला वाढवलं त्यांचीच गावं त्यांनी जाळली. बाबा म्हणायचे, "पोट भरायला गेले होते. त्यांच्यातला कोणी वाईट नव्हता."

डर्मट मला जहाजावर भेटला. तो आयरिश, कंपनीच्या पलटणीत भरती झालेला. मी कंपनीच्या मुंबईच्या कारखान्यात तोफा ओतायला निघालेला. मी त्याला पहिली अर्धी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, दुसरी अर्धी मला ठाऊक आहे, आमच्याकडे तीच सांगतात. मग दोघेही हसलो. दोन वर्षांत आम्ही कंपनीला रामराम ठोकला आणि घाट चढून पुण्याला आलो. इथे तोफ ओतणाऱ्याला आणि ती नेमकी डागणाऱ्याला किंमत होती.

पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी नाव विचारलं. मी म्हणालो, "एवन."

"यवन आहात ते दिसतंच आहे," ते म्हणाले. "नाव सांगा."

डर्मटचा त्यांनी सरळ दामोदर केला. मी कसबा पेठेतल्या तांबटांकडून इथलं काम शिकलो. त्यांचा ठोक वेगळा, शिव्या वेगळ्या, पण वितळलेल्या तांब्याचा रंग बघून ते गप्प होत, ते अगदी माझ्या बाबांसारखं. पुण्याच्या पूर्वेला आम्हा टोपीकर, म्हणजे गोऱ्या शिपायांसाठी सरकारने जागा दिलेलं एक लहानसं चर्च आहे. तिथे वसईकडच्या दोन बहिणी येत. थोरली रोझा माझी बायको झाली, धाकटी कातरीन डर्मटची. एकाच चौकात समोरासमोर आमची बिऱ्हाडं होती. मी रोझाला राजाची गोष्ट सांगितली तेव्हा ती पीठ मळता मळता म्हणाली, "अहो, ही तर आमच्या जिजाऊंसारखीच की." माझ्या मुलीला मी हीच गोष्ट सांगत आलो. अर्धीच.

अशी पंचवीसेक वर्षं गेली. मग कंपनीचं आणि पेशव्यांचं बिनसलं आणि मुंबईहून गोरी पलटण पुण्याजवळ येऊन उतरली. त्या रविवारी तिचे काही शिपाई चर्चमध्ये आले. डर्मट दाराशी थांबला होता. आत दोन पोरं त्याच्या भाषेत कुजबुजत होती. आयरिश भाषा त्याने इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. त्याने त्यांना गाव विचारलं. त्याच्या गावापासून चार कोसांवरचे निघाले. भुकेपायी भरती झालेले, एकाला अजून मिसरूडही धड फुटलं नव्हतं.

आठवडाभरात आम्हा दोघांना तोफखान्याच्या सरदारांनी बोलावलं. त्यांना टोपीकरांचा भरवसा उरला नव्हता, आणि त्यात त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

"आपण उद्या इंग्रजांवर तोफ चालवणार का?" त्यांनी मला विचारलं.

माझ्या डोळ्यांसमोर मुलगी आली. तिचं लग्न ठरलं होतं. मी म्हणालो, "चालवतो."

डर्मटला विचारलं. तो म्हणाला, "नाही. तिकडे माझ्या गावची पोरं आहेत."

सरदार आवाज न चढवता म्हणाले, "मग गावीच जा."

त्याला मुठेच्या काठी नेलं. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मी तिथेच उभा राहिलो. एक शब्द बोललो असतो, 'याला सोडा, मी दोघांचं काम करतो' म्हटलं असतं, तर काही झालं असतं का, मला माहीत नाही. मी बोललो नाही. प्रेत आम्हाला दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी खडकीला मी तोफेवर होतो. समोर लाल डगल्यांची रांग होती, आणि तेवढ्या अंतरावरून त्यात कोण आयरिश, कोण इंग्रज, कळत नाही. मी नेम धरून मारा केला. माझं काम मला येतं. रांगेत खिंडारं पडली आणि बुजली. कोण पडलं ते मी पाहायला गेलो नाही.

लढाई आपण हरलो. थोड्याच दिवसांत शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण लागलं. मी घरी आलो आणि कातरीनला सगळं सांगितलं, सरदारांनी काय विचारलं, त्याने काय म्हटलं, मी काय म्हटलं. तिने ऐकून घेतलं. ती आपलं बिऱ्हाड मोडून आमच्याकडे राहायला आली, कारण दुसरीकडे जाणार कुठे? तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नाही. रोझाही त्यात पडली नाही.

पौषात एके दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसत होतो. कंपनीचा एक कारकून दोन शिपाई घेऊन गल्लीत आला. पेशव्यांच्या तोफांवर जे टोपीकर होते त्यांची नावं तो गोळा करत होता. सापडलेल्यांना फाशी होते हे सगळ्यांना माहीत होतं. मी उठू लागलो. खरं सांगतो, मला उठून त्याच्यापुढे जायचंच होतं.

कातरीन माझ्याआधी दाराशी गेली. तिच्या अंगावर विधवेचं काळं लुगडं होतं.

"या घरात एक टोपीकर गोलंदाज राहतो म्हणतात," कारकून म्हणाला.

"राहत होता," ती म्हणाली. "मुठेच्या काठी मारला त्याला. मी त्याची बायको. आणखी काय लिहायचंय?"

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, कागदावर एक रेघ मारली आणि पुढच्या दाराकडे गेला.

ती आत आली. माझ्याकडे न बघता तिने माझ्या ताटात भात वाढला, वर आमटी घातली, आणि समोर बसली.

मोनला माझं कोणी उरलंय की नाही, मला ठाऊक नाही. कोणी विचारलंच, एवनचं घर कुठे, तर सांगा, पुण्यात. तिथे एक बाई आहे, तिला त्याने काय केलं ते सगळं माहीत आहे, आणि ती त्याला वाढते. तो मान खाली घालून जेवतो.