उलट्या बाइटांतलं गाऱ्हाणं

शिमग्याला देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की उमरठकडच्या आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान काकाच्या घराचा. देवासमोर उभं राहून साऱ्या वाडीसाठी मागायचं, आणि दर मागणीला गावानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काका पावसाळ्यात गेला. आता मान त्याच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे आला, आणि त्याला गाऱ्हाणं येत नव्हतं. काकानं शिकवलंच नाही. "ममईला जानाऱ्याला काय करायचाय?" एवढंच तो म्हणे. ते भावाला फार लागलं होतं.

शिमगा तोंडावर आला तेव्हा भाऊ माझ्या बिरवाडीच्या खोलीवर पेनड्राइव्ह घेऊन आला. मी कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे घरच्यांच्या मते विजेवर चालणारं सगळंच माझ्या गळ्यात. काकाकडे कधीतरी शहरातल्या कॉलेजच्या बाई येऊन गाऱ्हाणं रेकॉर्ड करून गेल्या होत्या, ती फाइल यात होती. चुलतीनं पेनड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवून रोज हळदकुंकू वाहिलेलं, त्याचं तोंड कुंकवानं गच्च. मी टाचणीनं ते कोरून काढलं आणि भावाला दोन शब्द सुनावले.

"दादा, आवाजच नाय रे त्यात," तो म्हणाला. "नुसती खरखर हाय."

खरखरच होती, पत्र्यावर वाळू ओतावी तशी. मला मात्र फाइल मेलेली वाटेना. सुरुवातीच्या शांततेतले आकडे उघडून पाहिले. शांततेत ते शून्याच्या आसपास हवेत, इथे ते प्रचंड मोठे होते. मग उलगडलं. आवाजाचा प्रत्येक आकडा दोन बाइटांचा, म्हणजे दोन तुकड्यांचा: जास्त किमतीचा तो थोरला, कमी किमतीचा तो धाकटा. थोरला पुढे ठेवायचा की धाकटा, हा ज्या त्या मशीनचा रिवाज. बाईंच्या जुन्या मशीननं थोरला पुढे ठेवला होता, माझं मशीन धाकट्यापासून वाचत होतं. एक बाइट हरवला नव्हता, फक्त प्रत्येक जोडी उलटी बसली होती.

मूळ फाइल तशीच ठेवून मी काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली: डीडी नावाच्या छोट्या प्रोग्रामला फाइल दिली आणि स्वॅब, म्हणजे प्रत्येक जोडीची अदलाबदल, करायला सांगितलं. भावानं पाणी पिऊन भांडं खाली ठेवेपर्यंत नवी फाइल तयार होती.

आणि खोलीत काका बोलला. भाऊ चपला काढून उभा राहिला.

रेकॉर्डिंग घरातलं होतं, त्यामुळे गाऱ्हाणंही काकाचं आणि "व्हय म्हाराजा"ही त्याचंच. गुरंढोरं, लेकीसुना, पाणी, परगावी गेलेली माणसं, सगळ्यांसाठी तो मागत गेला. भाऊ ओठ हलवत मागोमाग म्हणत होता. शेवटी काका जरा थांबला.

"आनि म्हाराजा, माज्या माघारी माजा पोर हितं हुबा ऱ्हाईल. रागापायी मी त्याला शिकवला नाय. त्याची जीब अडखळली तर त्याला पदरात घे."

त्यापुढे "व्हय" आलं नाही. काकाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. भाऊ माझ्याकडे पाहत राहिला.

मग वाडीच्या वतीनं मीच म्हणालो, "व्हय म्हाराजा."