रहिमाबीनं रंगवलेली काच

अकोटला बसस्टँडच्या मागं वली खानचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बायको रहिमाबी गेली आणि चौथ्या दिवशी त्यानं शटर वर केलं. लोक कुजबुजले. वलीला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही वाटत नव्हतं. पंपाची मोटार खोलायची, जळालेली तार काढायची, नवी भरायची. अमरावतीहून लेक गजाला रोज फोन करायची. अब्बा रडले का, असं आडून आडून विचारायची. जेवलो, एवढंच तो सांगायचा.

उन्हाळ्यात वरूडच्या वामनरावांची मुलगी सीमा टेम्पोत एक मशीन घालून आली. वामनराव पूर्वी जत्रेत ही गोळीची मशीन लावत. दांडा ओढला की पोलादी गोळी उतरत्या फळीवर सुटायची, बटणं दाबून ती वर उडवत राहायचं. आता वडील नव्हते. सीमा अमरावतीच्या शाळेत शिकवते. तिथं जुन्या खेळांच्या खोलीत तिला ती चालू करून ठेवायची होती.

वलीनं ताडपत्री काढली. उभ्या काचेवर सात समुद्र होते, बेटावर राक्षस, आणि पिंजऱ्यात पोपट. राक्षसाचा जीव त्या पोपटात. गोळीनं सातही समुद्रांचे दिवे लागले की पिंजरा उजळायचा आणि घंटा वाजायची.

मूळची काच विलायती होती. शहाऐंशी साली अकोटच्या जत्रेत ती फुटली. मशीनची दुरुस्ती तेव्हा वलीकडेच असायची, आणि त्याचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. रहिमाबी ओढण्यांवर नक्षी काढायची. काच आणून द्या, मी रंगवते, असं ती म्हणाली. चित्र काचेच्या मागच्या बाजूनं काढायचं, म्हणून सगळा क्रम उलटा: आधी डोळे, मग चेहरा, आभाळ सगळ्यात शेवटी. तीन आठवडे काच पलंगावर आणि दोघं खाली चटईवर. सासऱ्यांना जत्रेचं काम चालणार नाही, माझं नाव घेऊ नका, असं तिनं बजावलं होतं. वामनरावांना वलीनं सांगितलं, एका कारागिराकडून करून घेतलं.

यातलं तो सीमाशी काही बोलला नाही. मशीनमध्ये एकही चिप नव्हती. नुसत्या कॉइल, रिले आणि वायरींचं जंगल. अकरा दिवस त्यानं गंजलेले कॉन्टॅक्ट बारीक कानशीनं घासले, दोन कॉइल नव्यानं भरल्या. बाराव्या दिवशी सीमासमोर घंटा वाजली. ती खूश झाली. पोपटाचा रंग उडालाय, अमरावतीच्या पेंटरकडून नवा करून घेते, म्हणाली.

"त्याले हात नका लावू," वली म्हणाला.

"काहून, चाचा?"

"माह्या बायकोनं काढला हाय तो."

मोटार किती हॉर्सपॉवरची ते सांगावं, तसा आवाज. सीमा स्टुलावर बसली. तिनं त्यांचं नाव विचारलं.

"रहिमाबी," तो म्हणाला. दफनानंतर ते नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं.

शाळा सुरू झाल्यावर सीमानं बोलावलं, म्हणून वली गजालाला घेऊन गेला. मशीनशेजारी पाटी होती: काचेवरचं चित्र, रहिमाबी वली खान, अकोट. गजालानं ती वाचली, परत वाचली, आणि ओढणी तोंडाशी धरून रडू लागली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. वली शेजारी उभा राहिला. एका मुलीला दांडा नीट ओढता येत नव्हता, तिला त्यानं दाखवलं.

परतताना ऑटोत गजालानं विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत? नको म्हणाली होती, मग राहून गेलं, असं तो म्हणाला. थोडं पुढं गेल्यावर आपणहून सांगू लागला. पोपटाचा हिरवा रंग तिच्या नखांतून निघता निघत नव्हता. ईदला सगळ्यांनी विचारलं, तर तिनं सांगितलं, कोथिंबीर चिरली. तिचे सासरेसुद्धा फसले.

त्याचे डोळे कोरडेच होते. गजालाचं घर आलं, ऑटो थांबला, तरी तो सांगतच होता.