करवंटीखालचे मासे

एस्तान्सियाच्या किनाऱ्यावर सुके मासे निवडण्यात रोसेंदाची वीस वर्षं गेली; सगळे तिला ‘मनांग’, म्हणजे ताई, म्हणत. ऑनलाइन संगणकवर्गात मात्र ती दोनदा नापास झाली होती. आज शेवटची संधी होती.

“आठ मासे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. एका वेळी दोनच ताडून बघा,” पडद्यावरचे तरुण मास्तर म्हणाले.

त्यांचं बोलणं संपेपर्यंत तिच्या हातांनी रांग लावलीसुद्धा.

“मनांग, संगणकाला सगळे एकदम दिसत नाहीत.”

“मग त्याला पाठवा माझ्या हाताखाली.”

“असं केलंत तर पुन्हा नापास.”

तिने मासे विस्कटले, प्रत्येकावर करवंटी पालथी घातली आणि दोनच उचलल्या. बोटं शिवशिवत होती.

“आता बरोबर. शेवटपर्यंत असंच.”

कुठल्या करवंटीखाली केवढा मासा आहे, हे तिला पाठ होतं. तरी दात आवळून ती दोन-दोनच उघडत राहिली.