पुस्तकाच्या पाठीवरचं नाव

‘शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खाली ग्रंथपालांचं टेबल होतं, म्हणून वाचनालयातले लोक त्यांना शांतताबाई म्हणत. बाईंच्या डोक्यात मात्र सकाळी कुलूप उघडल्यापासून संध्याकाळी ते लावेपर्यंत भांडण चालू असे. एका कपाटाशी.

ते कपाट दालनात नव्हतंच. जिन्याखाली, पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागे, अंधारात उभं होतं. दारावर कुणीतरी फार पूर्वी ‘महिला विभाग’ असं रंगवून ठेवलेलं. वाचनालयाची पद्धतच होती, लेखकाच्या जागी बाईचं नाव दिसलं की पुस्तक तिकडे. त्यामुळे विणकामाचे नमुने, बाळाची निगा, केसांची निगा आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून खाणीतल्या संपाची कादंबरी, धरणावरच्या मजुरांची दोन भागांतली कादंबरी, एका न्यायाधीश बाईंचं आत्मचरित्र. संप आणि सुया एकाच फळीवर.

“बायकांनी लिहिलेलं बायकाच वाचणार,” वाचनालयाचे अध्यक्ष म्हणायचे. “आपण त्यांची सोय केलीये.”

“आणि पुरुषांनी लिहिलेलं?”

“ते साहित्य हो!”

बाई शिक्का उचलायच्या आणि पुढच्या पुस्तकावर जरा जास्तच जोरात मारायच्या.

त्यांचा जीव त्या कपाटात का अडकला होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आईचं लांबलेलं आजारपण त्यांनी एकटीनं काढलं. माया होतीच, पण अंथरूण बदलता बदलता त्याच आईचा असा राग यायचा की स्वतःचीच भीती वाटावी. येणारे-जाणारे म्हणत, काय पुण्य करतेयस पोरी! असा राग येतो, येऊ शकतो, हे सांगितलं ते त्या कपाटातल्या एका कादंबरीनं. बाईंना त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोप लागली.

आणि एके दिवशी अध्यक्षांनी फर्मान काढलं, “जिन्याखालचं कपाट कुणी उघडत नाही. वार्षिक सभेनंतर ती पुस्तकं रद्दीत काढू.”

“टाकीमागे ठेवल्यावर कोण उघडणार? चोर सोडून संन्याशाला सुळी?”

“बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता.”

मार्ग सापडला तो बाइंडरमुळे. फाटकी पुस्तकं त्याच्याकडे जात. तो तपकिरी कापड चढवायचा, त्यात आतलं लेखकाच्या नावाचं पान पुठ्ठ्याला चिकटून जायचं, आणि पाठीवर पांढऱ्या रंगानं पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नुसतं आडनाव लिहायचा, कारण ब्रश जाडा आणि धीर बारीक. खाणीतल्या संपाची कादंबरी अशीच बांधून आली आणि बाईंनी गडबडीत ती दालनात, आडनावाच्या क्रमानं लावून टाकली. चूक लक्षात येईपर्यंत ती एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागली होती. पुरुष नेत होते, बायका नेत होत्या, तक्रार कुणाचीच नव्हती.

बाईंनी मग कपाटातली पुस्तकं थोडी थोडी करून बाइंडरकडे धाडली.

“अहो, ही तर ठणठणीत आहेत!”

“तुम्ही बांधा. आजारी पडायची वाट कशाला बघायची?”

वार्षिक सभेपर्यंत कपाटात विणकाम, बाळाची आणि केसांची निगा तेवढी उरली. अध्यक्षांनी ती रद्दीत काढली, कपाट भंगारात घातलं आणि “बघा, काही वाचण्यासारखं नव्हतंच त्यात,” असं म्हणून हात झटकले.

निवृत्त इंजिनीअरसाहेबांनी धरणाच्या कादंबरीचा पहिला भाग नेला होता. ते टेबलापाशी येऊन सांगत, “काय लिहितो हो हा माणूस! ओल्या सिमेंटचा वास येतो पानाला. बायकांना हे जमायचं नाही. त्यांचं सगळं स्वयंपाकघरात.”

बाईंनी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. पुस्तकं रद्दीतून वाचली होती ना, मग झालं तर.

पण झालं नाही. एका दुपारी एक नर्स ड्यूटीवरून थेट आली, पायात दवाखान्यातल्याच चपला. “ताई, बाईनं लिहिलेलं काही आहे? गोष्ट, कादंबरी, काहीही. मी थोडं लिहिते. घरी म्हणतात, तुझ्यासारख्या बायका कुठे लिहितात का? म्हटलं, बघून तरी यावं.”

“आहेत की. बघा ना.”

ती फळीवरून बोट फिरवत गेली. धरणापाशी थांबली, संपापाशी थांबली आणि परत फिरली. “सगळे पुरुषच दिसतात. राहू दे.”

बाई उठून तिच्यामागे जाईपर्यंत ती जिना उतरून रिक्षात बसली होती.

त्या संध्याकाळी बाईंना अध्यक्षांचा राग आला नाही. स्वतःचाच आला, आणि तो जास्त चावरा होता. जिन्याखालून काढलं खरं, पण नावाला मुकवून! आगीतून फुफाट्यात.

बाइंडरला बोलावून घेतलं. “या सगळ्यांच्या पाठीवर पूर्ण नाव घाला.”

“मावणार नाही.”

“अक्षर बारीक काढा.”

“बाई, मग लोक नेणार नाहीत. पुन्हा रद्दीची गोष्ट निघेल.”

“निघू दे. तेव्हा भांडेन. पण आपण कुणाचं नेत नाही, हे तरी न नेणाऱ्याला कळू दे.”

इंजिनीअरसाहेब पहिला भाग संपवून आले, तोवर दुसऱ्या भागावर नाव चढलं होतं. ते पाठीकडे बघत राहिले. “हे काय? पहिल्या भागात पुरुष होता. दुसऱ्यात बाई कशी झाली?”

“दोन्हीत बाईच होत्या.”

“मग आधी सांगायला नको? ही फसवणूक झाली!”

“चूक झाली. नाव आधीच घालायला हवं होतं.”

“छे! मला वाटलंच होतं, मध्ये मध्ये जरा हळवं होतंय ते.”

“कालपर्यंत सिमेंटचा वास येत होता!” पाटीखाली बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. वर्तमानपत्रं खाली झाली. “न्यायचा तर न्या. नाव पुसून मिळणार नाही.”

साहेबांनी दुसरा भाग टेबलावर ठेवला आणि तरातरा निघून गेले. अध्यक्षांच्या कानावर हे जाणार, हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांची सून आली. हातात स्वतःचं कोरं कार्ड, चेहऱ्यावर संकोच.

“बाबांनी धरणाचा दुसरा भाग मागवलाय. पण म्हणाले, तुझ्या नावावर घे.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “आता हे बाकी होतं! तुम्ही वाचलीये का?”

“मी कधी वाचणार? सकाळी डबे, मग ऑफिस…” बोलता बोलता तिनं पुस्तक उघडलं. उभ्या उभ्याच एक पान वाचलं, मग उलटलं. खांद्यावरची पर्स घसरून कोपरात आली तरी तिला पत्ता नव्हता.

“याचा पहिला भाग आहे इथे?”

“आहे.”

“मग तोच द्या,” ती म्हणाली. “बाबा थांबतील.”