प्रतिद्रव्य हा शब्द कुणाचा

"हा शब्द कुणाचा?" संपादक कार्लेकरांनी कार्ड उलटून विचारलं. मागची बाजू कोरी होती. पुढचं अक्षर माझं होतं. टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमचा विज्ञानकोश तयार होत होता. मी आणि मालती तांडेल, दोघंही टेम्पररी. एकच जागा कायम होणार होती. कुणाची, ते कार्लेकर काम बघून ठरवणार होते.

कामाची रीत अशी. एका शब्दाला एक कार्ड. पुढे शब्द आणि अर्थ, मागे सुचवणाऱ्याचं नाव, पेन्सिलीनं. मीटिंगआधी कार्डं शाईनं स्वच्छ उतरवायची. त्या आठवड्यात ते काम माझ्याकडे होतं.

आमचं अडलं होतं 'अँटिमॅटर'पाशी. इलेक्ट्रॉनवर ऋण विद्युतभार असतो. तेवढ्याच वजनाचा, पण धन भाराचा कण सापडला, तेव्हा 'पॉझिटिव्ह' आणि 'इलेक्ट्रॉन' जोडून त्याला पॉझिट्रॉन म्हणाले. अशा उलट कणांचं द्रव्य म्हणजे अँटिमॅटर. ते नेहमीच्या द्रव्याला भेटलं की दोन्ही नाहीशी होतात, उरते ऊर्जा. मी 'विरोधी द्रव्य' असं लिहिलं होतं.

"विरोधी कशाला रे?" मालती म्हणाली. "आरशातली बाई काय माझी वैरीण आहे? रूप तेच, फक्त डावं-उजवं उलट. प्रतिबिंबातला 'प्रति' घे ना. प्रतिद्रव्य."

"झकास!" मी म्हणालो.

तिनं कार्ड केलं. मी उतरवलं, पण मागचं नाव राहून गेलं. ती खरोखरच नजरचूक होती. मीटिंगमधलं माझं उत्तर मात्र नजरचूक नव्हती.

"बरेच दिवस डोक्यात घोळत होता, साहेब."

"वा! याला म्हणतात काम," कार्लेकर म्हणाले.

मालती शेजारच्या खोलीत प्रुफं वाचत होती. मधलं पार्टिशन प्लायवूडचं. संध्याकाळी तिनं विचारलं, "मागे नाव नव्हतं?"

"राहिलं गं उतरवायचं."

"कार्डाला तोंड नसतं. तुला होतं ना?"

जागा मला मिळाली. तिची मुदत वाढवली नाही. तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं, हे मला ठाऊक होतं.

हा शब्द आणखीही कुणी कुठे केला असेल. आमच्या कोशात तो मालतीनं आणला. पुढे लोक कौतुक करायचे, मी "छे, छे" म्हणायचो. त्यांना तो विनय वाटायचा.

कबुली नोकरीत असताना द्यावी. निवृत्तीनंतरच्या कबुलीनं कुणी कायम होत नाही.